राक्षसाच्या जागी प्रश्नचिन्ह

‘फ्रँकेन्स्टाईन’ या १९३१ च्या चित्रपटाला स्वतःचीच एक प्रस्तावना आहे. नावं झळकण्याआधी पडदा जरासा सरकतो, त्यामागून एक सभ्य, मध्यमवयीन गृहस्थ बाहेर येतो आणि निर्माते कार्ल लेम्ली यांच्या वतीने प्रेक्षकांना दोन शब्द सांगतो. आता जी गोष्ट दाखवणार आहोत ती फार विलक्षण आहे, तिने तुम्हाला धक्का बसेल, कदाचित थरकापही उडेल. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी अजून विचार करावा, नंतर आम्ही सांगितलं नाही असं म्हणू नका. एवढं बोलून गृहस्थ निघून जातात. आज हे पाहताना हसू येतं. आणि हसू आलं की आपण चित्रपटाच्या पुढे गेलो आहोत, तो मागे राहिला आहे, अशी एक सुखद समजूत मनाशी पक्की होते. ही समजूत घेऊन पुढची सत्तर मिनिटं पाहणाऱ्याला चित्रपट काही देत नाही. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलायला हवं.

तो इशारा ही अर्धी जाहिरात होती, हे उघड आहे. घाबराल म्हटलं की तिकीट जास्त खपतं. पण अर्धी खरी धास्तीही होती. युनिव्हर्सल कंपनीला आपण काय बनवून बसलो आहोत याचा नीट अंदाज नव्हता. मेलेल्या माणसांचे तुकडे शिवून नवा माणूस बनवायचा, त्यात जीव घालायचा आणि घालणाऱ्याने देवाशी बरोबरी सांगायची. हे सगळं चर्चला, पालकांना आणि राज्याराज्यांतल्या सेन्सॉर मंडळांना पचेल का? इशारा देणारा नट एडवर्ड व्हॅन स्लोन हाच पुढे डॉक्टर वाल्डमन होऊन येतो. चित्रपटातही इशारे देण्याचं काम त्याच्याचकडे आहे, आणि तिथेही त्याचं कुणी ऐकत नाही.

मग श्रेयनामावली. तिच्यात दोन जागा आजच्या डोळ्याला अडतात. मूळ कादंबरीच्या लेखिकेचं नाव ‘मिसेस पर्सी बी. शेली’ असं दिलं आहे. मेरी शेलीने अठराव्या वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी लिहायला घेतलेली, १८१८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. इथे लेखिका एका कवीची बायको म्हणून उरली आहे. दुसरी जागा पात्रांच्या यादीत. कोण कुणाची भूमिका करतो आहे ते सांगता सांगता राक्षसाच्या नावासमोर नुसतं प्रश्नचिन्ह येतं. हीसुद्धा गंमतच, उत्सुकता ताणण्याची. बोरिस कार्लॉफ हे नाव शेवटच्या यादीत येतं, आणि त्या काळी ते फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. पण नव्वदांहून अधिक वर्षं उलटल्यावर मला वाटतं, या चित्रपटातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट ते प्रश्नचिन्हच आहे. राक्षस कोण, या प्रश्नाचं एक उत्तर पटकथेकडे आहे आणि दुसरं, तिला छेद देणारं, त्या नटाच्या चेहऱ्यावर आहे. त्या दोघांचं भांडण चित्रपटभर चालू असतं. १९३१ च्या प्रेक्षकाने बहुधा पटकथेचं ऐकलं. आपण चेहऱ्याचं ऐकतो. आणि चेहऱ्याचं ऐकायला लागलं की भीतीची जागा बदलते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण हा चित्रपट ज्या घाईगर्दीत घडला ती घाई त्याच्या अंगावर दिसते. कार्ल लेम्ली हे जर्मनीतल्या लाउपहाइम गावातून आलेले गृहस्थ. युनिव्हर्सल त्यांनी उभी केली आणि निर्मितीची सूत्रं मुलाच्या हाती दिली तेव्हा मुलगा जेमतेम विशीत होता. बापाच्या नावाचाच हा धाकटा लेम्ली. लोक त्याच्याबद्दल कुजबुजत, पण पोराचं नाक तिखट होतं. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा महायुद्धावरचा चित्रपट त्याच्याच कारकिर्दीतला. १९३१ च्या फेब्रुवारीत बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ लागला आणि मंदीने गांजलेल्या अमेरिकेत तो चालला. लगेच दुसरा भयपट हवा. रॉबर्ट फ्लोरी दिग्दर्शक आणि लुगोसी राक्षस, असं आधी ठरत होतं, चाचणीचं चित्रीकरणही झालं. मग दोघेही बाजूला पडले आणि काम जेम्स व्हेलकडे आलं.

व्हेल हा इंग्लंडमधल्या डडली या औद्योगिक गावातल्या कामगार घरातला. पहिल्या महायुद्धात तो अधिकारी होता. १९१७ साली जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने नाटकं बसवायला सुरुवात केली. पुढे लंडनच्या रंगभूमीवर त्याचं नाव झालं ते खंदकातल्या सैनिकांवरच्या ‘जर्नीज एंड’ या नाटकामुळे. त्या नाटकातला नायक कॉलिन क्लाइव्ह याला त्याने फ्रँकेन्स्टाईनच्या भूमिकेसाठी हॉलिवूडला बोलावून घेतलं. क्लाइव्हचा अभिनय आज अतिरेकी वाटतो. तो सतत तापात असल्यासारखा बोलतो. मात्र ज्या पिढीने खंदक पाहिले होते तिच्यातल्या माणसाचा तो ताप आहे हे एकदा लक्षात आलं की तो सहन होतो. शिवलेल्या, डागलेल्या, अर्धवट जोडलेल्या शरीराची कल्पना व्हेलच्या पिढीला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. महायुद्धातून चेहरा हरवून परतलेली माणसं युरोपच्या रस्त्यांवर होती.

आणि कार्लॉफ. व्हेलने त्याला स्टुडिओच्या उपाहारगृहात पाहिलं आणि त्या डोक्याच्या ठेवणीवर तो खूश झाला, अशी कथा सांगितली जाते. कार्लॉफ तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. डझनावारी चित्रपटांत किरकोळ कामं, मध्येमध्ये मजुरी, असं त्याचं आयुष्य चाललेलं. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनच्या कॅम्बरवेलमधला. वडील हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारच्या मीठ-महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्याच्या घराण्यात हिंदी रक्त होतं. इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक आडवाट घेतो. कार्लॉफची आजी, म्हणजे आईची आई, आणि ‘द किंग अँड आय’मुळे जगभर माहीत झालेली अॅना लिओनोवेन्स या सख्ख्या बहिणी. सयामच्या राजाच्या दरबारातली ही शिक्षिका आपला जन्म वेल्समधला असल्याचं सांगत राहिली. संशोधकांनी पुढे शोधून काढलं की ती १८३१ साली अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, जन्मली होती. छावणीतल्या सामान्य सैनिकाच्या घरात जन्मलेली आणि मिश्र वंशाची खूण पुसून टाकायला आयुष्यभर धडपडलेली ही बाई. कार्लॉफनेही आपलं टोपणनाव आईकडच्या रशियन पूर्वजांवरून घेतल्याचं सांगितलं. त्याला काही आधार सापडलेला नाही. त्याच्या सावळ्या वर्णामुळे मूकपटांच्या काळात त्याच्या वाट्याला अरब, रेड इंडियन, ‘हिंदू’ खलनायक असल्या भूमिका येत. तेव्हा परका, भयंकर, आपल्यातला नसलेला कसा दिसतो याचं शिक्षण या नटाला राक्षसाच्या रंगभूषेआधीच मिळालं होतं. यावरून फार मोठा सिद्धान्त मांडायचा मोह होतो. तो मी टाळतो. पण त्याचे डोळे पाहताना ही माहिती मनात असली तर बिघडत काही नाही.

रंगभूषा जॅक पिअर्सची. ग्रीसहून आलेला हा हट्टी कारागीर. कपाळावरून सपाट कापल्यासारखं डोकं, मानेतले दोन खिळे, जड पापण्या. आजवर या चेहऱ्याचे इतके मुखवटे, खेळणी, व्यंगचित्रं झाली आहेत की मूळ चेहरा पाहण्याआधीच आपण तो पाहिलेला असतो. कवटी उघडून मेंदू बसवायचा तर अडाणी शल्यविशारद सरळ झाकण कापेल, या विचारातून तो सपाट माथा आला, असं पिअर्स सांगे. रोज कित्येक तास कार्लॉफ खुर्चीत बसून राही. दाताची एक कवळी काढून ठेवली तर एक गाल आत जातो, ही कल्पना त्याचीच. पापण्या जड करण्यासाठी मेण लावलं तेही त्याच्याच सांगण्यावरून. नाहीतर नुकत्या जन्मलेल्या जीवाचे डोळे फार जागे, फार समजदार दिसत होते. इतकी माती-मेण थापूनही चेहरा मेला नाही, यातच त्या नटाची करामत आहे.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे. पहिली अडचण शांततेची. आज भयपटात संगीत आपला हात धरून चालतं. कुठे दचकायचं ते आधीच कानात सांगतं. इथे सुरुवातीच्या आणि शेवटच्या नावांखेरीज पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. गावच्या जत्रेतला बँड वाजतो तेवढाच. हा दोष म्हणायचा की गुण? बोलपट तेव्हा नुकता जन्मला होता. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला होता आणि आपल्याकडे बोलपट म्हणजे गाणी असं समीकरण पहिल्याच दिवसापासून बसलं. हॉलिवूडमध्ये उलट शंका होती: पडद्यावर वाद्यवृंद दिसत नसताना संगीत कुठून येतं, असं प्रेक्षक विचारतील की काय! त्या शंकेपायी ‘फ्रँकेन्स्टाईन’ला एक मोकळी जागा मिळाली. स्मशानात शवपेटीवर पडणारी माती, यंत्रांचा कडकडाट, जिन्यावरची जड पावलं. त्या पावलांच्या आधी किंवा नंतर काहीही नाही. घरी पाहणार असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढंच मी सुचवीन. त्या शांततेत दुसरा कुठला आवाज शिरला की चित्रपट कोसळतो.

दुसरी अडचण खोटेपणाची. स्मशानाच्या दृश्यात मागचं आभाळ रंगवलेल्या कापडाचं आहे आणि त्यावरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात. गंमत अशी की नव्या स्वच्छ केलेल्या प्रतीत त्या १९३१ च्या प्रेक्षकाला दिसल्या असतील त्याहून जास्त दिसतात. जीर्णोद्धाराने देवळाबरोबर आतली डागडुजीही उजेडात यावी तसं. मला त्या सुरकुत्या आता आवडायला लागल्या आहेत. व्हेलला खरं आभाळ नकोच होतं. ‘डॉक्टर कॅलिगारी’ आणि ‘गोलेम’ हे १९२० चे जर्मन मूकपट त्याच्या डोळ्यांसमोर होते. तिरके जिने, छताशिवायचे मनोरे, माणसापेक्षा मोठ्या सावल्या. कथा कुठे घडते तेही कळत नाही. बव्हेरियातल्यासारखं गाव, इंग्रजी उच्चार, अमेरिकी उच्चार, एकोणिसाव्या शतकातली घरं आणि १९३१ मधले सूट, सगळं एकत्र. केनेथ स्ट्रिकफाडनने जमवलेली प्रयोगशाळेतली विजेची यंत्रं मात्र अस्सल ठिणग्या फेकतात. ही यंत्रं इतकी टिकली की १९७४ साली मेल ब्रुक्सने ‘यंग फ्रँकेन्स्टाईन’ हे विडंबन काढलं तेव्हा तीच पुन्हा वापरली. कादंबरीत असली प्रयोगशाळा नाही, वीज अंगात घेणारा पाट नाही, कुबडा मदतनीसही नाही. आज जगाला माहीत असलेला फ्रँकेन्स्टाईन बऱ्याच अंशी या चित्रपटाचा आहे, मेरी शेलीचा नाही.

मग दार उघडतं आणि राक्षस पाठमोरा आत येतो. पाठमोरा का? कारण काही नाही. व्हेलला आपल्याला ताटकळत ठेवायचं आहे. तो हळूच वळतो, आणि कॅमेरा सरकत नाही, उडी मारतो: एकदा, पुन्हा एकदा, थेट चेहऱ्यावर. १९३१ मध्ये इथे किंकाळ्या फुटल्या असतील. आज किंकाळी फुटत नाही. आज आपण न दचकता नुसते बघत राहतो, आणि म्हणून आपल्याला पुढचं दृश्य नीट दिसतं. फ्रँकेन्स्टाईन छतातली खिडकी उघडतो. वरून उजेड येतो. राक्षस मान वर करतो, हात वर करतो आणि उजेड पकडायला बघतो. खिडकी बंद होते तेव्हा त्याचे हात रिकामेच पुढे पसरलेले राहतात, काय गेलं हे न कळून. जन्मल्यावर त्याने केलेली ही पहिली गोष्ट. त्यानंतर मशाल घेऊन कुबडा मदतनीस फ्रिट्झ येतो, मग साखळ्या, मग चाबूक. ड्वाइट फ्रायचा हा फ्रिट्झ ज्या आनंदाने आग त्याच्या तोंडापुढे नाचवतो तो आनंद मला या चित्रपटातल्या कुठल्याही खुनापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

पटकथेचं म्हणणं मात्र वेगळं आहे, आणि ते तिने आधीच एका काचेच्या बरणीत घालून ठेवलं आहे. डॉ. वाल्डमन वर्गात दोन मेंदू दाखवतात: एक सामान्य माणसाचा, एक गुन्हेगाराचा. गुन्हेगाराच्या मेंदूवर वळ्या कशा कमी आहेत ते विद्यार्थ्यांना समजावून सांगतात. रात्री फ्रिट्झ चोरी करायला येतो, चांगली बरणी त्याच्या हातून पडून फुटते आणि तो वाईट बरणी उचलून नेतो. बस्स, राक्षस राक्षस का झाला याचा खुलासा संपला. मेरी शेलीच्या कादंबरीत याचा मागमूसही नाही. तिथला जीव उघडपणे सांगतो की मला झिडकारलंत म्हणून मी असा झालो. चित्रपटवाल्यांना हा दोष समाजाच्या माथ्यावर नको होता, तो बरणीत हवा होता.

आजच्या प्रेक्षकाला ही बरणी बाळबोध वाटते. १९३१ मध्ये ती विज्ञान म्हणून चालत होती. गुन्हेगार जन्मतःच वेगळ्या घडणीचा असतो, हे इटालियन लोम्ब्रोसोचं म्हणणं निदान लोकांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करायला राज्यांना मोकळीक दिली होती, आणि ज्या कॅलिफोर्नियात हा चित्रपट बनला तिथे अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत होत्या. आपल्यालाही हसायला जागा नाही. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, तरी पारधी वस्तीवर पोलीस कुठल्या नजरेने येतात हे महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही. बरणी आपल्या ओळखीची आहे.

पण बघा, ही बरणी चित्रपटात पुढे कामालाच येत नाही. मेंदू गुन्हेगाराचा असेल तर त्याने जन्मल्या जन्मल्या उजेडाकडे हात का पसरावेत? फ्रिट्झने छळल्याशिवाय त्याने कुणाला मारलं आहे का? वाल्डमन त्याला टेबलावर चिरायला निघतो तेव्हा तो जागा होऊन गळा धरतो. तिथे कुणी शहाण्याने तरी काय केलं असतं? पटकथेने लिहून दिलेलं कारण कार्लॉफ दर दृश्यात खोडत जातो. व्हेलला ते कळत होतं की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद असतील. मला वाटतं, कळत होतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा तळ्याकाठी आहे, आणि तोच पुरावा पन्नासेक वर्षं प्रेक्षकांपासून लपवला गेला. मारिया नावाची लहान मुलगी तळ्याकाठी एकटी खेळते आहे. झाडीतून राक्षस येतो. ती घाबरत नाही; अख्ख्या चित्रपटात त्याला पाहून न घाबरणारी ती एकटीच. ती त्याचा हात धरते, त्याला फुलं देते, पाण्यात फुलं टाकून ती कशी तरंगतात ते दाखवते. तो हसतो. फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो, मग मुलीकडे, आणि तिला उचलून पाण्यात भिरकावतो. तीही तरंगेल. ती बुडते. तो गोंधळतो, पाण्यात हात घालून चाचपडतो, मग वेड्यासारखा पळत सुटतो. ‘गोलेम’मध्येही एक लहान मुलगी त्या मातीच्या माणसाला सफरचंद देते, व्हेलने तिथून धागा उचलला असावा, पण तिथे मूल वाचतं.

हे भिरकावणं कार्लॉफलाही खटकलं होतं. सेन्सॉर मंडळांना ते सोसवेना. काही राज्यांत ते लगेच कापलं गेलं. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाल्यावर चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा ते सगळीकडूनच गेलं. त्याच फेऱ्यात, देव होणं म्हणजे काय ते आता मला कळलं, या अर्थाचं फ्रँकेन्स्टाईनचं वाक्यही मेघगर्जनेखाली दाबलं गेलं. आता कात्रीने काय केलं ते पाहा. दृश्य कापलं तिथे राक्षस मुलीकडे हात पुढे करतो, आणि पुढच्या खेपेला ती दिसते ती बापाच्या हातांवर मेलेली, कपडे विस्कटलेले, एक पायमोजा खाली आलेला. मधल्या वेळात काय घडलं? प्रेक्षकाच्या मनाने जे भरलं ते व्हेलने चित्रित केलेल्यापेक्षा कितीतरी घाण होतं. सभ्यतेच्या नावाखाली कापलेल्या त्या फुटांनी एका अजाण अपघाताचं रूपांतर एका किळसवाण्या गुन्ह्यात केलं. १९५७ साली युनिव्हर्सलचे जुने भयपट गठ्ठ्याने अमेरिकी दूरचित्रवाणीला विकले गेले आणि नव्या पिढीने फ्रँकेन्स्टाईन पाहिला तो असा कापलेला. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. म्हणजे या बाबतीत नव्या डोळ्यांना जुन्या डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं, आणि ते आपल्या शहाणपणामुळे नव्हे; फिल्म सापडली म्हणून.

स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसे याने १९७३ मध्ये ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ हा चित्रपट केला. १९४० चं साल, यादवी युद्ध नुकतं संपलेलं, कॅस्टीलच्या उजाड पठारावरचं एक खेडं. फिरत्या सिनेमावाल्याने ‘फ्रँकेन्स्टाईन’ आणला आहे, गावकरी आपापल्या खुर्च्या घेऊन जमले आहेत, आणि अॅना नावाची सहा-सात वर्षांची पोर डोळे विस्फारून बघते आहे. ती बहिणीला विचारते, त्याने मुलीला का मारलं, आणि मग त्यांनी त्याला का मारलं? बहीण म्हणते, सिनेमात सगळं खोटं असतं. अॅनाला ते पटत नाही. फ्रँकोच्या राजवटीत, ज्या देशात कोण कुणाला का मारतो हे मोठ्याने विचारायची सोय नव्हती, तिथे एरिसेने तो प्रश्न हॉलिवूडच्या एका भयपटामार्फत लहान मुलीच्या तोंडी घातला. ‘फ्रँकेन्स्टाईन’वर मी जे काही वाचलं त्या सगळ्यापेक्षा अॅनाचे ते दोन प्रश्न मला पुरतात. त्यातला दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

त्यांनी त्याला का मारलं? मारियाचा बाप मुलीला हातांवर घेऊन गावात येतो. गावात फ्रँकेन्स्टाईनच्या लग्नाचा उत्सव चालला आहे, रस्ते नाचणाऱ्यांनी भरलेत. कॅमेरा त्याच्याबरोबर चालतो. तो जिथून जातो तिथला नाच थांबतो, हसू विरतं. पुढे मात्र अजून वाजतंच आहे. मला विचाराल तर चित्रपटातलं सर्वश्रेष्ठ दृश्य हे, आणि त्यात राक्षस नाही. मग मशाली येतात, शिकारी कुत्री येतात, माणसांच्या टोळ्या वाटून दिल्या जातात. गावच्या जत्रेचाच जमाव, तेच कपडे; एका तासात तो शिकारीला निघतो आणि शेवटी राक्षस लपलेली पवनचक्की पेटवून देतो. त्या वर्षीच्या मार्चमध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबोरो गावी नऊ काळ्या मुलांना बलात्काराच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं गेलं होतं आणि तुरुंगाबाहेर जमाव गोळा झाला होता. त्याला आवरायला सैनिक बोलवावे लागले. व्हेलच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण मशाली पाहिलेला अमेरिकी प्रेक्षक थिएटरात बसलेला होता, आणि त्यातल्या कुणाला पडद्यावरच्या मशाली परीकथेतल्या वाटल्या नसतील. आपल्याला तर नाहीच वाटत. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षेकरी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. त्यानंतर हा शेवट पाहताना मला पवनचक्कीतल्या आगीपेक्षा बाहेरच्यांचे चेहरे बघावेसे वाटतात. राक्षस आत तुळईखाली अडकून किंचाळतो आहे. ती किंचाळी लहान मुलाची आहे.

कंटाळवाण्या जागाही आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. फ्रँकेन्स्टाईनची वाग्दत्त वधू एलिझाबेथ आणि तिच्यावर मनातून प्रेम करणारा मित्र व्हिक्टर यांची दृश्यं निर्जीव आहेत. तेवढ्यात चहा टाकून यायला हरकत नाही. एलिझाबेथ झालेल्या मे क्लार्कसारख्या चांगल्या नटीचं इथे काही होत नाही. त्याच वर्षी ‘द पब्लिक एनिमी’त जेम्स कॅग्नीने तिच्या तोंडावर ग्रेपफ्रूट चुरडलं ते लोकांना आठवतं, हे नाही. फ्रँकेन्स्टाईनचा बाप, म्हातारा बॅरन, विनोदासाठी आहे. तो नोकरमाणसांशी ज्या तऱ्हेने बोलतो त्यावर तेव्हा हशा मिळत असेल, आता फक्त ती तऱ्हा दिसते. आणि शेवट! मुळात फ्रँकेन्स्टाईनही मरायचा होता. मग कंपनीने माघार घेतली आणि एक शेपूट जोडलं: तो दूर पलंगावर पडलाय, बॅरन दाराबाहेर दासींबरोबर मद्याचा पेला उंचावून घराण्याला मुलगा होवो असं म्हणतो आहे. ज्याने नुकताच एक मुलगा बनवला, त्याला चाबकाच्या स्वाधीन केलं आणि जाळायला सोडलं, त्याच्या घराण्यात पुढचा मुलगा. व्हेलच्या तिरकस स्वभावाला हा योगायोग दिसला नसेल असं मला वाटत नाही.

पुढच्या लेखांत युनिव्हर्सलचे इतर भयपट येतील, पण आधी हा पाहावा, आणि पूर्ण प्रतच पाहावी. याच्या लगेच नंतर १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’. तिथे व्हेलने पहिल्याच दृश्यात मेरी शेलीला पडद्यावर आणून बसवलं आणि गोष्ट तिच्या तोंडून सुरू केली. नावांतही ती आता कुणाची मिसेस नाही. तिथे राक्षसाला बोलायलाही शिकवलं आहे: एका आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत, पाव आणि मद्य यांपासून सुरुवात करून. कार्लॉफला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. राक्षस बोलला की संपला, असं त्याचं म्हणणं. पहिल्या चित्रपटाबद्दल तो बरोबर होता असं मला वाटतं, आणि दुसऱ्याबद्दल चुकीचा. पण ते दोन्ही पाहिल्यावर वाचकाने आपलं ठरवावं.